घरचा फोन परत घरी: उमरखेडच्या एका प्रश्नातून निघालेली गोष्ट

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे सुचलाय. मेसेज आलाय उमरखेडहून. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या काठाकाठानं पसरलेला तालुका आहे हा. नदी ओलांडली की मराठवाडा सुरू. मेसेज पाठवणारा मुलगा पुण्यात नोकरी करतो, सुट्टीत घरी आला होता. तो म्हणतो, "दादा, आजीला स्मार्टफोन जमत नाही. बोट लागलं की फोन कट होतो, नाहीतर कॅमेरा उघडतो. आमचा जुना लँडलाइनचा डबा माळ्यावर पडलाय. घरात आता फायबरचं वायफाय आहे. तो डबा या वायफायला जोडून आजीला बोलता येईल का?"

उत्तर आहे, हो, येईल. कसं ते शेवटी सांगतो, पळून जाऊ नका. पण उत्तर शोधताना मला एक वेगळाच प्रश्न पडला. इंटरनेटवरून आवाज पाठवायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं १९९५ साली. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं तेही १९९५ सालीच. मग घरातला साधा फोन इंटरनेटला जोडायला आपल्याला इतकी वर्षं का लागली? तंत्र नव्हतं म्हणून? नाही. तंत्र होतं. मधे एक भिंत होती. आजची गोष्ट त्या भिंतीची आहे.

पी.पी. नंबरचे दिवस

सुरुवात जरा मागून करू. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं २८ जानेवारी १८८२ ला. त्याच दिवशी कलकत्ता आणि मद्रासलाही. म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं पेटंट घेतल्यावर सहाच वर्षांत फोन मुंबईत आला होता. मुंबईतून तालुक्याच्या गावापर्यंत यायला मात्र त्याला कित्येक दशकं लागली. आणि आला तोही पोस्टात, तहसीलमध्ये, एखाद्या अडत्याच्या पेढीवर किंवा डॉक्टरकडे. घरोघरी नाही.

बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. म्हणजे काय? एक्स्चेंजला फोन करून ऑपरेटरकडे नंबर लिहून द्यायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल असे प्रकार. जितकी घाई तितके पैसे जास्त. त्यात पुन्हा पी.पी. कॉल असायचा, पर्टिक्युलर पर्सन. ज्या माणसाशी बोलायचंय तोच माणूस फोनवर आला तर कॉलचे पैसे लागायचे.

पण आपल्याकडे पी.पी.चा अजून एक अर्थ रुळला. जुन्या लग्नपत्रिका काढून बघा. खाली फोन नंबर असतो आणि पुढे लिहिलेलं असतं "पी.पी." म्हणजे हा फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. तिथे लावा, ते आम्हाला बोलावतील. एका फोनवर अख्खी गल्ली चालायची. निरोप कोणाचा, कोण वारलं, कोणाला मुलगा झाला, हे सगळं आधी शेजाऱ्याला कळायचं. खासगीपणा शून्य. पण एक गोष्ट लक्षात घ्या, फोन तेव्हा माणसाचा नव्हता, जागेचा होता. तुम्ही माणसाला फोन लावत नव्हता, घराला लावत होता. आजीचा प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतो, म्हणून हे डोक्यात ठेवा.

नदीच्या अलीकडचा कोड, पलीकडचा कोड

भारतात एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन, पहिल्यांदा सुरू झालं १९६० साली, लखनौ ते कानपूर. हळूहळू प्रत्येक भागाला कोड मिळाला. उमरखेडचा कोड ०७२३१, यवतमाळचा ०७२३२. आता नदी ओलांडा. नांदेडचा कोड ०२४६२, हिंगोलीचा ०२४५६. बघा, पैनगंगा नकाशावर दिसते तशीच फोनच्या कोडमध्येही दिसते. अलीकडे ०७२, पलीकडे ०२४.

यात गंमत वाटते, पण खिशाला ती गंमत नव्हती. टेलिफोन खात्यानं देशाचे छोटे छोटे आकारणी विभाग पाडले होते, साधारण एका तालुक्याएवढे. विभागाच्या आत लोकल कॉल. बाहेर गेलात की एसटीडी, आणि अंतर वाढेल तसा पल्सचा वेग वाढणार. म्हणजे मीटर जोरात पळणार. उमरखेडच्या माणसाची दवाखान्याची, बाजाराची, सोयरिकीची बरीचशी ये-जा नांदेडकडे. यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी नांदेडच जवळ. आणि तिकडे बोलायचं तर एसटीडी.

मग १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली. सॅम पित्रोदा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तेव्हाची परदेशी एक्स्चेंज वातानुकूलित खोलीशिवाय चालायची नाहीत. खेड्यात एसी कुठून आणणार? जिथे वीजच टिकत नाही तिथे एसीची काय कथा. सी-डॉटच्या लोकांनी १२८ लाइनचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, जे एसीशिवाय, धुळीत, उन्हाळ्यात चालेल. १९८६ मध्ये ते पहिल्यांदा बसलं कर्नाटकातल्या कित्तूरला. त्यानंतर देशभरातल्या छोट्या गावांमध्ये हीच यंत्रं गेली.

त्याच लाटेत आला पिवळा बोर्ड. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेची केबिन, आत छोटा पंखा, डोक्यावर लाल आकडे दाखवणारं मीटर, बोलून झालं की कर्र करत निघणारी पावती. रात्री उशिरा दर उतरायचे म्हणून जेवणं झाल्यावर बूथवर रांग. ही बूथ देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य होतं, आणि त्यावर कित्येक घरं उभी राहिली. आज तुम्ही मोबाइल रिचार्ज करता त्या दुकानाच्या मालकाला विचारून बघा, आधी काय होतं इथे. बऱ्याचदा उत्तर येईल, एसटीडी.

घरात स्वतःचा फोन मात्र अजून दूरच. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनं स्वतःच लिहिलंय की भारतात शंभर माणसांमागे फोन आहेत ०.८, आणि जगाची सरासरी आहे १०. शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा पुरा नाही. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लाइनमन तार ओढून गेला त्या दिवशी घरात पेढे.

आवाजाचे तुकडे

आता जरा जगात फिरून येऊ.

तुमचा आवाज म्हणजे हवेतली लाट. जुन्या फोनमध्ये ती लाट तांब्याच्या तारेत विजेची लाट होऊन जाते. डिजिटल एक्स्चेंज आलं तेव्हा त्या लाटेची मोजणी सुरू झाली. सेकंदाला ८,००० वेळा मोजायचं, प्रत्येक मोजणी ८ बिटमध्ये लिहायची. गुणाकार करा, सेकंदाला ६४,००० बिट. एका माणसाच्या बोलण्याला ६४ केबीपीएस.

एकदा आवाज आकडे झाला की तो टेलिफोनच्या तारेतूनच गेला पाहिजे असं काही उरत नाही. कॉम्प्युटरच्या जाळ्यातूनही जाईल. हे पहिल्यांदा करून बघितलं १९७४ मध्ये, अमेरिकेत, इंटरनेटची आजी म्हणावी अशा आर्पानेटवर. डॅनी कोहेन नावाचे शास्त्रज्ञ त्यात पुढे होते. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या दोन प्रयोगशाळा एकमेकांशी बोलल्या. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि पाकिटासारखे सोडून द्यायचे. पलीकडे ती पाकिटं क्रमानं लावून पुन्हा आवाज बनवायचा. आज तुमचा व्हॉट्सअॅप कॉल हेच करतो.

अडचण अशी की तेव्हाच्या जाळ्याला ६४ केबीपीएस झेपायचे नाहीत. आवाज दाबून लहान करायला हवा होता. इथे एक आपलं नाव येतं, बिष्णु अटल. जन्म कानपूरचा, शिक्षण लखनौ आणि बंगळूरला, काम अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. अटल यांनी आणि जपानमध्ये इताकुरा यांनी स्वतंत्रपणे एक पद्धत मांडली. माणसाचा आवाज पुढच्या क्षणी कसा असेल याचा अंदाज मागच्या क्षणांवरून करता येतो. मग सगळा आवाज पाठवायचा कशाला? अंदाजाचे आकडे पाठवा आणि जिथे अंदाज चुकतो तेवढं पाठवा. पुढे मोबाइल फोनमध्ये याच कल्पनेची नातवंडं बसली. तुमच्या खिशात कानपूरच्या माणसाचं गणित आहे.

आणि मग १९९५. फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं इंटरनेट फोन नावाचं सॉफ्टवेअर काढलं. साध्या कॉम्प्युटरला माइक आणि स्पीकर लावा, मोडेम जोडा आणि जगात कुठेही बोला. सुरुवातीला एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, वॉकीटॉकीसारखं. आवाज तुटायचा. पण आयएसडीचे पैसे शून्य.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं, म्हणजे व्हीएसएनएलनं, भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. दोन्ही गोष्टी सहा महिन्यांच्या अंतरानं. आता यांची गाठ पडणार असं वाटतं ना? तिथेच भिंत उभी राहिली.

भिंत

१८८५ चा भारतीय तार कायदा. इंग्रजांच्या काळातला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं होतं की तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त केंद्र सरकारचा, बाकी कोणाला करायचं तर परवाना घ्या. टेलिफोन त्यातच आला, इंटरनेटही त्यातच आलं. आणि इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात साफ लिहिलं गेलं की इंटरनेटवरून आवाजाची सेवा द्यायची नाही.

का? लगेच सरकारला शिव्या घालू नका, कारण यात दुसरी बाजू आहे. तेव्हा अमेरिकेला फोन करायला मिनिटाला साठ रुपयांच्या वर लागायचे. या आयएसडी-एसटीडीच्या पैशावरच गावाकडचं मासिक भाडं आणि लोकल कॉल स्वस्त ठेवले जायचे. मुंबईतला व्यापारी दुबईला बोलायचा, त्याच्या बिलातून कुठल्यातरी तालुक्यातल्या एक्स्चेंजचा खर्च निघायचा. इंटरनेटवरून फुकट बोलणं खुलं केलं असतं तर हा झरा आटला असता. शिवाय सुरक्षा यंत्रणांना काळजी होती की असे कॉल कोणी केले, कुठून केले, हे शोधायचं कसं.

म्हणजे भिंत बांधणाऱ्यांकडे कारण होतं. पण किंमत कोणी मोजली? ज्याचं माणूस दूर गेलं होतं त्यानं. आखातात गेलेला मुलगा, अमेरिकेत गेलेली लेक. आठवड्यातून एक फोन, तोही घड्याळाकडे बघत. "बरं आहे ना? तब्येत? ठेवू का? बिल येतंय." मराठी घरांत आपल्या माणसांशी बोलणं म्हणजे बिल येणं, ही सवय एका पिढीच्या अंगात इतकी मुरली की आजही कित्येक आजी-आजोबा फुकटच्या कॉलवरसुद्धा घाईघाईत बोलतात. तुमच्याही घरी असेल, बघा.

१ एप्रिल २००२ ला भिंतीला खिडकी पाडली गेली. त्याच दिवशी व्हीएसएनएलची आयएसडीमधली मक्तेदारी संपली आणि त्याच दिवशी इंटरनेटवरून बोलायला मर्यादित परवानगी मिळाली. पण खिडकी कशी होती ऐका. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोला, चालेल. भारतातल्या कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनवर बोला, तेही चालेल. पण भारतातल्या कॉम्प्युटरवरून भारतातल्या फोनवर? नाही.

याचा अर्थ काय झाला? समजा २००३ साल आहे आणि तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या सायबर कॅफेत बसलाय. तिथून न्यू जर्सीतल्या घरच्या फोनवर कायद्यानं बोलू शकता. पण पैनगंगेपलीकडे, नांदेडच्या मावशीच्या लँडलाइनवर नाही. सात समुद्र ओलांडायला परवानगी, एक नदी ओलांडायला बंदी.

आणि २००३ हेच वर्ष होतं जेव्हा ऑगस्टमध्ये स्काइप आलं. अमेरिकेत त्याच काळात व्होनेजसारख्या कंपन्या घराघरात एक छोटा डबा देत होत्या. डबा इंटरनेटला जोडायचा, त्यात आपला नेहमीचा फोन खुपसायचा, झालं. तिकडच्या कितीतरी मराठी घरांत असा डबा होता आणि त्यावरून भारतात फोन व्हायचे. म्हणजे आजीचा नातू २०२० नंतर जे विचारतोय ते न्यू जर्सीत त्याआधी दीड-दोन दशकं चालू होतं. इकडे आजीकडे रिंग वाजायची, पण आजीनं तशीच रिंग तिकडे द्यायची म्हटलं तर तिला आयएसडीच लावावं लागायचं. रस्ता एकेरी होता.

२००८ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, शिफारस केली की हे निर्बंध काढा. फाइल पुढे सरकली नाही. ट्रायनं ऑक्टोबर २०१७ मध्ये पुन्हा शिफारशी दिल्या, २०१८ मध्ये सरकारनं परवान्याच्या अटी बदलल्या आणि त्या जुलैत बीएसएनएलनं विंग्ज नावाची सेवा जाहीर केली. मोबाइलवर अॅप टाका, दहा आकडी नंबर घ्या, वायफायवरून देशातल्या कुठल्याही फोनवर बोला. वर्षाला १,०९९ रुपये. १९९५ ते २०१८, तेवीस वर्षं.

भिंत पडली तेव्हा घर रिकामं होतं

आता खरी शोकांतिका, किंवा विनोद, तुम्ही ठरवा. भिंत पडेपर्यंत भिंतीच्या दोन्ही बाजूचे लोक निघून गेले होते.

२००६ च्या मार्चमध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलनं वन इंडिया प्लॅन आणला. देशात कुठेही एक रुपया मिनिट. त्या दिवशी उमरखेड ते नांदेड आणि उमरखेड ते गुवाहाटी हे अंतर एकच झालं. पाठोपाठ मोबाइल कंपन्यांची दरयुद्धं. पिवळे बोर्ड उतरू लागले. २००६ च्या आसपास देशात घरगुती-कार्यालयीन मिळून पाच कोटींच्या घरात लँडलाइन होत्या. २०२० पर्यंत त्या दोन कोटींवर आल्या.

मधल्या काळात लोकांनी भिंत बाजूनंच ओलांडली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एअरटेलनं इंटरनेट कॉलिंगसाठी वेगळे पैसे घेणार असं जाहीर केलं. इतका गदारोळ झाला की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. २०१५ मध्ये ट्रायनं मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, आणि त्यातले बरेचसे तुमच्याआमच्यासारख्या तरुण पोरांनी पाठवलेले. त्याच वर्षी व्हॉट्सअॅपवर कॉलिंग सुरू झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि त्याचा तर साधा कॉलसुद्धा इंटरनेटच्या भाषेतच जातो, व्हीओएलटीई म्हणतात ते हेच. म्हणजे तुम्ही म्हणता "मी साधा फोन लावला", पण तो साधा राहिलेलाच नाही.

सगळं जिंकलं. फक्त एक गोष्ट हरवली, घराचा नंबर. आज घरात पाच माणसं, पाच नंबर. घराला फोन लावता येत नाही. आणि ज्या माणसाला स्वतःचा स्मार्टफोन सांभाळता येत नाही, ते माणूस या जाळ्यातून गळून पडतं. ती दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर बोलते, दुसऱ्याला वेळ असेल तेव्हा. पी.पी. नंबर संपला म्हणता? आजी आजही पी.पी. नंबरवरच आहे. फरक इतकाच की तेव्हा शेजारच्या घरचा फोन होता, आता नातवाचा आहे.

पण आकड्यांनी २०२० नंतर एक वळण घेतलंय. लँडलाइनची संख्या पुन्हा वाढून तीन कोटींच्या पुढे गेली. कारण फायबर. इंटरनेटसाठी घेतलेल्या कनेक्शनबरोबर फोन नंबर येतो आणि अनेक घरांत तो कोणी वापरतच नाही.

माळ्यावरचा डबा कसा जोडायचा

तर आता उमरखेडच्या भावा, तुझं उत्तर.

पहिलं, फायबरचा डबा फिरवून मागे बघ. इंटरनेटच्या रुंद खाचांशेजारी एक अरुंद खाच असेल, टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेली. ती जुन्या फोनच्या वायरसाठी आहे. असेल तर कंपनीला फोन करून विचार की माझ्या प्लॅनमध्ये व्हॉइस चालू आहे का, नंबर कोणता. बऱ्याचदा नंबर आधीच दिलेला असतो. वायर खुपस, रिसीव्हर उचल. डायलटोन आला की काम झालं.

दुसरं, आजीला जुनाच नंबर हवा असेल तर. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. पण बीएसएनएलची तांब्याची लाइन अजून जिवंत असेल तर ती बीएसएनएलच्याच फायबरवर त्याच नंबरसह बदलून घेता येते. म्हणून लाइन आधी बंद करू नकोस, आधी बदलून घे.

तिसरं, डब्यावर फोनची खाच नसेल तर एटीए नावाचं छोटं यंत्र मिळतं. एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला फोन. त्यात परवाना असलेल्या कंपनीचं एसआयपी खातं भरायचं. एसआयपी म्हणजे १९९९ मध्ये ठरलेली भाषा, जिच्यात इंटरनेटवरचे फोन एकमेकांना "रिंग दे", "उचलला", "ठेवला" हे सांगतात. एक कॉल जुन्या पद्धतीनं न दाबता पाठवला तरी ८० ते ९० केबीपीएस लागतात. तुझ्या फायबरला ते जाणवणारसुद्धा नाही.

चौथं, जुन्या फोनच्या बाजूला किंवा खाली पी आणि टी असं छोटं बटण असतं. पी म्हणजे पल्स, टी म्हणजे टोन. ते टी वर ठेव. नाहीतर फोन येईल पण लागणार नाही आणि तू दिवसभर डोकं खाजवत बसशील. गोल तबकडीचा फोन असेल तर बरेच डबे तो ओळखत नाहीत. आणि घरातल्या भिंतीतली जुनी वायर वापरणार असशील तर ती बाहेरच्या खांबावरच्या तारेपासून आधी पूर्ण सोडव.

पाचवं, पासवर्ड. एटीएचा कारखान्याहून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. जगभरातले प्रोग्रॅम अशी उघडी खाती शोधत फिरतात आणि तुमच्या खात्यावरून परदेशी कॉल करतात. बिल तुमच्या नावावर.

काही जण विचारतील, जुन्या कॉम्प्युटरवर अॅस्टेरिस्क टाकून स्वतःचं एक्स्चेंज बनवू का? १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन पोरानं लिहिलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे ते. घरातल्या घरात, वरच्या खोलीतून स्वयंपाकघरात इंटरकॉम म्हणून खुशाल करा, शिकायला मजा येईल. पण त्याला सिमकार्ड जोडून बाहेरचे कॉल देशातल्या फोनवर उतरवू नका. तो अनधिकृत एक्स्चेंजचा गुन्हा होतो. १८८५ च्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण ही रेघ तशीच आहे.

एक गोष्ट तांब्यानं दिली होती

शेवटी एक इशारा, आणि हा महत्त्वाचा आहे.

लोडशेडिंगचे दिवस आठवतात का? तुम्ही लहान असाल तर घरच्यांना विचारा. विदर्भातल्या गावांत तासन्‌तास वीज नसायची, पण लँडलाइन चालू असायची. कसं काय? कारण तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्या असायच्या, त्या तुमच्या फोनला जिवंत ठेवायच्या. घरात अंधार आणि फोनला डायलटोन.

फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. आता ४८ व्होल्ट तुमच्या घरातला डबा तयार करतो. म्हणजे एक्स्चेंजचं छोटं पिल्लूच तुमच्या फळीवर बसलंय. घरची लाइट गेली की एक्स्चेंज बंद. रात्री दोन वाजता आजीला छातीत दुखतंय, पाऊस चालू आहे, वीज गेलीय आणि फोन मुका. हे होऊ द्यायचं नाही.

उपाय स्वस्त आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. हिशोब सोपा, डबा साधारण १० वॅट खातो, यूपीएसमध्ये ३० वॅट-तास असतील तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात अडीच धरा. फोन जोडाल त्याच दिवशी हा पण बसवा. आणि एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा, डायलटोन येतो का. व्हॉट्सअॅपवरून ११२ लागत नाही, हेही घरात सांगून ठेवा. अडीअडचणीसाठी एक बटणाचा मोबाइल चार्ज करून फोनशेजारीच ठेवा, कंपनी कोणतीही असो.

मग तो डबा माळ्यावरून काढ. ओल्या फडक्यानं पूस. आजी बसते त्या जागेच्या उजव्या हाताला ठेव, फार उंच नको. शेजारी भिंतीवर मोठ्या आकड्यांत चार नंबर लिही, तुझा पहिला. आणि पुण्याला परत गेलास की पहिला फोन तू कर, पण घाईत नको. ती नेहमीसारखी म्हणेल, "ठेवते बाबा, बिल येईल." तेव्हा तिला सांग, आता बिल येत नाही, बोल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्याही घरचा फायबरचा डबा एकदा फिरवून मागे बघा, आणि काय सापडलं ते व्हॉइस मेसेज करून कळवा.